मोटारीचा ब्रेक व आमची एक चूक

विजयादशमीच्या सकाळीं आपल्या आळींतून एक फेरी मारावी. जिकडे तिकडे दारांत मोटारी धुऊन पुसून उभ्या असतात. कोणाच्या तोंडावर झेंडूची माळ, कोणाच्या कांचेवर गंधाचें बोट, कोणाच्या चाकापुढें फोडलेला नारळ. शस्त्रपूजेचा मान आतां वाहनांकडे आला आहे, आणि ज्याच्या स्वाधीन आपण मुलाबाळांचे जीव करतों त्याला वर्षांतून एकदां तरी नमस्कार करावा हें योग्यच होय. परंतु ही फेरी मारतांना आमच्या मनांत दरवर्षीं एकच प्रश्न येतो. माळ घालणाऱ्या ह्या मंडळींपैकीं कितीजणांस आपल्या गाडीच्या ब्रेकचें ऑईल शेवटीं केव्हां बदललें तें सांगतां येईल? हा प्रश्न दुसऱ्यांस विचारण्याचा आम्हांस मोठासा अधिकार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्याच घरीं तें एकदां चौदा वर्षें बदललें गेलें नव्हतें.

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात कीं, घरीं जुनी मोटार आहे, यजमानांस व चिरंजीवांस ती स्वतःच्या हातानें दुरुस्त करण्याचा नाद आहे, आणि येत्या सुटींत ब्रेकचें ऑईल घरींच बदलण्याचा दोघांचा बेत आहे. तर हें काम घरीं करण्याजोगें आहे काय? आमचें उत्तर असें कीं, आहे. परंतु आपण काय करीत आहों हें करणाऱ्यास आधीं समजलें पाहिजे, आणि काम करणाऱ्या दोन माणसांमध्यें कसलीही लपवालपवी असतां कामा नये. ह्यांतील दुसरी अट आम्हीं कां घातली तें लेखाच्या शेवटाकडे कळेल.

प्रथम नांवाविषयीं. बाजारांत ज्याला आपण ब्रेक ऑईल म्हणतों तें मुळीं तेल नव्हेच. ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून केलेला तो एक द्रव आहे. तो पाण्यांत सहज मिसळतो, तेलाप्रमाणें वर तरंगत नाहीं. अशा ब्रेकांच्या आरंभकाळीं एरंडेल व मद्यार्क ह्यांचें मिश्रण वापरीत असत. तेव्हां तेल हें नांव कांहीं अंशीं तरी सार्थ होतें. आज नुसतें नांव उरलें आहे, आणि त्या नांवानें फसून एखादा गृहस्थ त्या डबींत इंजिनाचें तेल ओततो. तसें झालें म्हणजे आंतील रबरी वॉशर फुगतात, ब्रेक अडकतात किंवा गळूं लागतात, आणि मग रबराची एकूण एक वस्तु नवी घालावी लागते. शब्दाचा रूढार्थ एक आणि यौगिकार्थ दुसरा, हा भेद आम्ही वर्गांत मुलांस वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तो न कळल्यास परीक्षेंत दोन गुण जात. येथें गाडी थांबत नाहीं.

आतां ह्या द्रवाचें काम. रंगपंचमीची पिचकारी घ्यावी, ती पाण्यानें भरावी, तिचें तोंड बोटानें घट्ट दाबावें आणि दांडा लोटून पहावा. दांडा तसूभरही हलत नाहीं. पिचकारींत पाण्याऐवजीं हवा असेल तर तोच दांडा अर्ध्यापर्यंत सहज जातो आणि सोडला कीं मागें येतो. द्रव दबत नाहीं, वायु दबतो. ब्रेकचें बहुतेक सारें शास्त्र एवढ्या वाक्यांत आलें. पास्काल (१६२३–१६६२) ह्या फ्रेंच पंडितानें असें दाखवून दिलें कीं, कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब त्याच्या सर्व भागांत सारखा पोंचतो. पायाखालचें पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकतो. तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. तेथील लहान सिलिंडरांतले दट्टे ब्रेकचे शू फिरत्या ड्रमवर दाबतात, आणि गाडी थांबते. ही कल्पना मोटारीस लावण्याचें पेटंट माल्कम लॉकहेड ह्या अमेरिकनानें १९१७ मध्यें मिळविलें, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग मोटारींच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. त्यानंतर शंभर वर्षें लोटलीं, गाड्यांचीं रूपें पालटलीं, परंतु पिचकारीचें तत्त्व तेंच राहिलें.

ह्या द्रवाच्या अंगीं एक मोठा दोष आहे. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीचें झांकण नीट लागलें नाहीं तर मिठाला पाणी सुटतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मीठ कांहीं पाणी निर्माण करीत नाहीं; तें हवेंतील ओल ओढून घेतें. ब्रेकचा द्रवही तसाच ओलीचा लोभी आहे. डबीच्या टोपणाच्या बारीक छिद्रांतून, इतकेंच काय पण रबरी नळ्यांच्या अंगांतूनही, तो हळूहळू ओल घेत राहतो. ह्याचा परिणाम काय होतो तें आंकड्यांनींच सांगतों. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ अशा खुणा असतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या आद्याक्षरांवरून हें नांव पडलें आहे. कोरा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असा नियम आहे. पण त्यांत शेंकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी शिरलें म्हणजे हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आंकडे २३० व १५५ असे आहेत. घाट उतरतांना सारखा ब्रेक दाबून ठेविला तर ड्रम इतका तापतो कीं ओल प्यालेला द्रव उकळावयास वेळ लागत नाहीं. द्रव उकळला कीं नळींत वाफ झाली. वाफ झाली कीं तेथें वायु आला. आणि वायु आला कीं पिचकारीचा दांडा सहज आंत जातो. शिवाय ती ओल लोखंडी सिलिंडरांस आंतून गंज चढविते तें वेगळेंच. म्हणून गाडी कितीही कमी चालो, दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा असा सर्वसाधारण प्रघात आहे. गाडी दारांत उभी असली तरी हवेंतली ओल कांहीं उभी नसते.

येथें आमचें स्वतःचें वृत्त सांगणें प्राप्त आहे. आमच्या घरीं १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही गाडी. मूळची इटलीची फियाट, पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती इतकी आपली झाली कीं तिचें परकेपण कोणाच्या ध्यानांतही राहिलें नाहीं. त्या टॅक्सींपैकीं शेवटचीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें, रस्त्यावरून गेली. आमची मात्र खाजगी म्हणून अद्याप आहे. १९९५ मध्यें आम्हीं ती घेतली तेव्हां ब्रेकचें सर्व काम करवून घेतलें होतें. त्यानंतर दर महिन्यास आम्ही झांकण उघडून डबींत पाहत असूं. द्रव खुणेपर्यंत भरलेला, रंग जरा गडद, पण वाईट नव्हे. भरलें आहे म्हणजे ठीक आहे, असें आम्ही समजत असूं.

संस्कृतांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. हंडींतील एक शीत चेपून पहावें, तें शिजलें असेल तर सगळा भात शिजला. आम्हीं तोच न्याय ब्रेकच्या डबीस लावला, आणि तेथेंच चुकलों. भात एका हंडींत, एका आंचेवर, एकत्र खदखदत असतो, म्हणून एका शितावरून सर्वांची परीक्षा होते. ब्रेकमधील द्रव असा फिरत नाहीं. जो डबींत आहे तो डबींतच राहतो. जो चाकापाशीं आहे तो वर्षानुवर्षें चाकापाशींच तापत व ओल पीत बसतो. डबींतील थेंब पाहून चाकांतील थेंबाविषयीं अनुमान करणें म्हणजे माजघरांत दिवा आहे म्हणून परसांतही उजेड असेल असें म्हणणें होय.

२००९ च्या मे महिन्यांत आम्ही पांचगणीहून वाईस पसरणीच्या घाटानें उतरत होतों. गाडी आम्हीं चालविली होती. शेजारीं आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, मागें मातुःश्री, वय एक्याऐंशीं, वहिनी, आणि धाकट्या बंधूंची आठ वर्षांची कन्या. उतारावर गियर खालचा ठेवावा हें ठाऊक असूनही आम्हीं गाडी वरच्या गियरमध्यें ठेवून ब्रेकवरच भिस्त ठेविली होती. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणाच्या अलीकडे आम्हीं पेडल दाबलें आणि तें कांहींएक विरोध न करतां तळाला गेलें. पुन्हां दाबलें, पुन्हां तेंच. मग दुसरा गियर, मग मोठा आवाज करून पहिला, आणि हँडब्रेक थोडथोडा ओढीत आम्हीं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. हँडब्रेक लोखंडी दोरीनें चालतो, त्याला द्रवाची गरज नसते, म्हणून तो तरी हातीं होता. पुढचें चाक गटारांत उतरून गाडी थांबली. मातुःश्रींचा डोळा लागला होता. धक्का बसल्यावर जाग्या होऊन त्यांनीं विचारलें, "वाई आली का रे?"

पाऊण तास आम्ही तेथें थांबलों. नंतर पेडल दाबून पाहिलें तर तें पूर्ववत् घट्ट! वाफेचा हाच कपटीपणा आहे. ड्रम निवाले कीं वाफेचा पुन्हां द्रव होतो आणि दोषाचा मागमूस राहत नाहीं. दोनचार कारागिरांनीं नंतर पेडल दाबून पाहून कांहीं दोष नाहीं असा निर्वाळा दिला. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींनीं मागच्या चाकाचें निपल उघडून बाटलींत द्रव काढला. तो काढ्यासारखा काळा होता. "मास्तर, हें किती वर्षांचं?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हीं हिशेब करून सांगितला तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत, आणि तें आम्हांस बोलण्यापेक्षां अधिक लागलें.

त्या दिवसापासून हें काम आम्ही शिकलों, आणि दर दोन वर्षांनीं घरींच करीत आलों आहों. त्याची रीत सांगतों. ऋतु कोरडा निवडावा. पावसाळ्यांत ही बाटली उघडूं नये. आम्ही मार्गशीर्षांत करतों. द्रव आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचाच, नव्या व सीलबंद बाटलींतला असावा. मागच्या वेळची उघडलेली बाटली कपाटांत उरली असेल तर ती वापरूं नये, कारण तिनें मधल्या काळांत ओल पिऊन ठेविलेली असते. डॉट ५ नांवाची सिलिकोनची एक वेगळी जात आहे, ती ह्यांत मिसळूं नये. अर्धा लिटर बहुधा पुरतो, पण एक लिटर हाताशीं असावा. ह्याशिवाय निपलाला नेमका बसणारा रिंगपाना, अंगाबरोबर बसणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, एक कांचेची बाटली, डबी उपसण्यासाठीं सिरिंज, जॅक, घोड्या, आणि पुष्कळ फडकीं. ह्या कामाची सिरिंज व बाटली घरांत दुसऱ्या कशालाही वापरूं नये, आणि मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, कारण हा द्रव विषारी आहे. तो डोळ्यांत जाऊं देऊं नये. रंगावर सांडला तर रंग उठतो, म्हणून सांडल्याबरोबर पुष्कळ पाण्यानें धुवावा.

गाडी सपाट जागीं ठेवून चाकांना दगड लावावेत. जॅकनें उचलल्यावर ती घोडीवर टेकविल्याशिवाय कोणीं खालीं हात सुद्धां घालूं नये; जॅक हा उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नव्हे. जुन्या गाडीचीं निपलें गंजलेलीं असतात. आदल्या दिवशीं त्यांना गंज सोडविणारें तेल लावून ठेवावें, आणि तरीही हटलें नाहीं तर जोर करूं नये. निपल तुटलें तर घरचें काम तेथेंच संपलें व मिस्त्रीचें सुरू झालें. आरंभीं डबींतला जुना द्रव सिरिंजनें काढून घ्यावा आणि नवा भरावा. मग मास्टर सिलिंडरापासून जें चाक सर्वांत लांब तें पहिलें. आमच्या गाडींत चालकाची बाजू उजवी, म्हणून क्रम असा: मागचें डावें, मागचें उजवें, पुढचें डावें, पुढचें उजवें. आपल्या गाडीचा क्रम पुस्तिकेंतून पाहून घ्यावा.

पुढचें काम दोन माणसांचें. एक चाकापाशीं, एक पेडलवर. नळीचें एक टोंक निपलावर, दुसरें बाटलींतील थोड्या नव्या द्रवांत बुडवून ठेवावें. चाकापाशीं बसलेल्यानें म्हणावें, "दाबा." पेडलवाल्यानें दोनतीनदां सावकाश दाबून शेवटीं दाबून धरावें व म्हणावें, "दाबलं." मग पहिल्यानें निपल अर्धा आटा सैल करावें, नळींतून काळा द्रव व बुडबुडे येतात, आणि पेडल खालीं बसतें. पहिल्यानें निपल आवळून घ्यावें आणि तेव्हांच म्हणावें, "सोडा." ह्या शब्दापूर्वीं पाय एक रेसभरही उचलतां कामा नये. नळी बुडालेली असली तरी निपलाच्या आट्यांमधून हवा आंत ओढली जाते. दर सातआठ खेपांनंतर डबींत पाहून भर घालावी. डबी रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि सर्व श्रम व्यर्थ जातात. आणखी एक खूण जुन्या गाडीसाठीं. पेडलच्या खालीं लांकडाचा एक ठोकळा ठेवावा, म्हणजे तें अगदीं तळापर्यंत जात नाहीं. मास्टर सिलिंडराच्या ज्या भागांत दट्ट्या एरवीं कधीं जात नाहीं तेथें गंज बसलेला असतो, आणि तेथें गेल्यास रबरी वॉशर फाटतो.

नळींतून स्वच्छ द्रव येऊं लागला व बुडबुडे थांबले म्हणजे तें चाक झालें. चारही चाकें झाल्यावर पेडल जोरानें दाबून मिनिटभर धरावें. तें घट्ट राहिलें तर उत्तम. हळूहळू खालीं बसत गेलें तर कोठें तरी गळती आहे. स्पंजासारखें लवचिक लागलें तर आंत हवा आहे. एकदां खोल जाऊन दुसऱ्या दाबांत वर येत असेल तर बहुधा शू झिजून ड्रमपासून दूर गेले आहेत, ते जुळवून घ्यावे लागतात. ह्यानंतर अंगणांत, मग निर्जन रस्त्यावर, अगदीं सावकाश ब्रेक पाहून घ्यावा. काढलेला द्रव गटारांत ओतूं नये. बाटलींत बंद करून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावा. हल्लींच्या ज्या गाड्यांत ए.बी.एस. असतें त्यांपैकीं कित्येकांना ह्या कामासाठीं निराळें उपकरण लागतें. त्या गाड्यांच्या वाटेस घरीं जाऊं नये.

आतां राहिली ती दुसरी अट. २०२४ च्या डिसेंबरांत आमच्या पुतणीनें, म्हणजे त्या घाटांत मागें बसलेल्या कन्येनें, हें काम आपल्या अंगावर घेतलें. ती आतां यांत्रिकी शाखेची अभियंता आहे. "काका, तुम्ही पेडलवर बसा, खाली मी बसते," असें ती म्हणाली, आणि चाळीस वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांस उठबस करावयास सांगितलें ते आम्ही तिच्या आज्ञेनें पाय दाबूं व सोडूं लागलों. तिसऱ्या चाकाच्या वेळीं फाटकापाशीं कोणी हांक मारली. आम्हीं मान वळविली आणि पाय सैल पडला. निपल अद्याप उघडें होतें. आम्हीं पाय तत्काळ पुन्हां दाबला. खालून आवाज आला, "काका, सोडला नाहीत ना?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं."

असें कां म्हटलें? विचार करून म्हटलेंच नाहीं. ज्यानें जन्मभर मुलांचें लक्ष नसल्याबद्दल त्यांस उभें केलें त्याच्या तोंडून दुसरें उत्तर निघालें नाहीं एवढेंच. काम पुढें चाललें. चौथें चाक झालें. तिनें येऊन पेडल दाबून पाहिलें तर तें लवचिक लागलें. ती पुन्हां खालीं शिरली. एकेक निपल, एकेक सांधा फडक्यानें पुसून पाहूं लागली. अर्ध्या तासानें बाहेर येऊन, कपाळावरचा घाम मनगटानें पुसून म्हणाली, "माझंच कुठं तरी चुकलंय, काका. नीट आवळलं नसेन मी."

तें वाक्य आम्हांस सहन झालें नाहीं. आम्हीं सांगितलें. ती रागावेल अशी आमची अपेक्षा होती. ती म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना. चला, पुढच्या डाव्यापासून पुन्हा," आणि पाना घेऊन खालीं गेली. दहा मिनिटांत पेडल घट्ट झालें.

परंतु आमच्या मनांतील एक जुनें निपल त्या दिवशीं सैल झालें होतें. वाचकहो, पसरणीच्या घाटापूर्वीं आठच दिवस कात्रजचा घाट उतरतांना हेंच पेडल एकदां नेहमीपेक्षां खोल गेलें होतें. आम्हांस तें कळलें होतें. घरांत सांगितलें असतें तर महाबळेश्वरचा बेत मोडला असता, आणि गाडीच्या बाबतींत मास्तर फार दक्ष ही आमची ख्यातिही गेली असती. म्हणून आम्ही गप्प राहिलों. नंतर पंधरा वर्षें घरांत ती गोष्ट निघाली कीं आमच्या प्रसंगावधानाची वाखाणणी होई, आणि आम्ही ती ऐकून घेत असूं. मातुःश्री तर येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगत कीं, ह्यानें आम्हां सगळ्यांना वांचविलें. त्या २०१४ मध्यें गेल्या.

त्या संध्याकाळीं आम्ही दादांच्या खोलींत गेलों व त्यांस सर्व सांगितलें. ते पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, "आईला सांगायला हवं होतंस." आणि थोड्या वेळानें, "पेडल आता कसं आहे?"

"घट्ट आहे," आम्हीं म्हटलें.

"उद्या मला दाखव."

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः बसून पेडल दाबून पाहिलें, मिनिटभर धरलें, आणि मान हालविली. डबीच्या टोपणाजवळ आम्हीं आतां एक चिठी डकवून ठेविली आहे. तिच्यावर द्रव बदलल्याची तारीख आहे, आणि ती तारीख घरांतील प्रत्येकास वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें सांगणें असें: यजमानांस व चिरंजीवांस हें काम अवश्य करूं द्यावें. द्रव नवा आहे, गाडी घोडीवर आहे, चाकांना दगड आहेत, एवढें आपण स्वतः पाहून घ्यावें. निपल हटत नसेल किंवा शेवटीं पेडल घट्ट होत नसेल तर मिस्त्रीस बोलवावें आणि तोंवर गाडी दारांतून हलवूं देऊं नये. आणि काम सुरू होण्यापूर्वीं दोघांस समोर बसवून सांगावें कीं, ज्याचा पाय चुकून सुटेल त्यानें त्याच क्षणीं तसें सांगावें, आणि ऐकणाऱ्यानें त्यावर रागावूं नये. पुन्हां करावयास दहा मिनिटें लागतात.